टाकीकडं तोंड

१

मामाचं सकाळचं पहिलं भांडण किल्लीशी व्हायचं. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचं कुलूप एकतीस वर्षं तोच उघडत आला होता, आणि एकतीस वर्षांत ते एकदाही पहिल्या फेऱ्यात उघडलं नव्हतं. दुसरं भांडण झाडूवालीशी, कारण ती केर जिन्याखाली ढकलून ठेवायची. तिसरं पंपवाल्याशी. एवढी तीन झाली की मग त्याचा दिवस सुरू व्हायचा. हा माणूस नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच जन्माला आला, असं त्याची बायको म्हणायची. तिला सगळे मामी म्हणत. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

शिपाई म्हणून लागला, शिपाई म्हणूनच महिनाअखेरीस सुटणार होता. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तराशी भांडून सुटलेली. पण भेक पकडावा तर मामानं. भेक म्हणजे साधा बेडूक नव्हे. बेडूक ओला, गुळगुळीत, उगाच उड्या मारणारा. भेक कोरडा, अंगभर चामखिळी, आणि चाल अशी की जेवण करून निघालेला कारकून. कॉलेजच्या मागं पंपघर होतं, त्याच्यामागं विटांची जुनी गाळाची टाकी, आत उतरायला पायऱ्या असलेली. तिचं पाणी फक्त बागेला जायचं. टाकीभोवतीच्या सुट्या विटा उचलल्या की खाली भेक. मामा बादलीत दहा-बारा टाकायचा, वर ओलं पोतं.

पंपघराच्या दारात स्टुलावर पंपवाला बसलेला असायचा. टाकीकडं तोंड, हात मांडीवर.

"या मामा."

"येऊ नको तर काय करू? तुझ्यासारखं बसून पगार घेण्याचं माझ्या नशिबात नाही."

"खरंय."

"अकरा वर्षं झाली तुला. एक रजा नाही. घरदार नाही का रे तुला?"

"इथं बरं वाटतं," पंपवाला म्हणायचा, बारीकसा खोकायचा आणि हसायचा.

हेच मामाला सहन व्हायचं नाही. भांडायला गेलं की समोरचा जर उशीसारखा मऊ लागला, तर भांडणाऱ्यानं हात कुठं आपटायचा?

२

बादली प्रयोगशाळेत आली की पुढचं काम बाईंचं. बाई म्हणजे विभागाच्या मुख्य. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. भेकाच्या पोटातले आणि फुप्फुसातले जंत हा त्यांचा विषय. लोकांची लेकरं डॉक्टर होतात, आणि ही बाई बेडकाच्या जंतांवर डॉक्टर झाली, असं मामा बाहेर म्हणायचा. पण बाहेरच्या कुणी म्हटलेलं त्याला खपायचं नाही.

भेक क्लोरोफॉर्मच्या बरणीत गेला की पाचेक मिनिटांत सैल पडायचा. बाई पोटावरची कातडी कात्रीनं उघडायच्या. आत दोन फुप्फुसं, गुलाबी, बोटाच्या पेराएवढ्या पिशव्या. आणि त्या पातळ पिशवीतून दिसायचे काळसर दोरे, हळूहळू वळवळणारे. पिशवी फोडून जंत मीठपाण्याच्या काचेच्या बशीत काढायचे, तिथून दुसऱ्या बशीत, तिथून बाटलीत. हे उचलण्याचं काम मामाचं. चिमट्यानं धरला तर जंत चिरडतो. म्हणून काचेची बारीक नळी, तिला रबराची नळी, आणि रबराचं टोक मामाच्या दातात. हलकासा श्वास ओढला की जंत पाण्यासकट नळीत. मध्ये कापसाचा बोळा, पाणी तोंडात येऊ नये म्हणून.

"मामा, ती पद्धत आता कुणी वापरत नाही," बाई म्हणायच्या. "रबरी फुगा आणून ठेवलाय ना?"

"फुगा माझ्या हाताला कळत नाही. श्वास कळतो."

एकतीस वर्षांत एक जंत तुटला नव्हता, म्हणून बाई पुढं बोलायच्या नाहीत.

त्या वर्षी बाईंना वीस भेक जंतवाले हवे होते आणि वीस स्वच्छ. जंतवाले हवे तितके. स्वच्छ मिळेनात. आणि कापल्याशिवाय कळायचं कसं? कापून कळलं की भेक गेला. बाई रडकुंडीला आल्या.

दोन दिवस मामा टबापाशी स्टूल टाकून बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "हे तिघं स्वच्छ आहेत. बाकीच्यांच्यात आहेत."

"कशावरून?"

"कापून बघा."

बाईंनी एकच कापला. फुप्फुसं कोरी, जणू आत्ताच धुऊन वाळत घातलेली. मग बाकीच्यांतला एक कापला. दोरेच दोरे.

"मामा, खरं सांगा. कसं ओळखलंत?"

मामा आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही शिकवणार होता, म्हणून त्यानं आधी खुर्ची ओढून घेतली. "जंतवाले कपाटाकडं तोंड करून बसतात," तो म्हणाला.

३

तसंच होतं. कोपऱ्यात लोखंडी कपाट होतं, बरण्यांचं. टबात ज्यांच्या छातीत जंत ते सगळे भेक कपाटाकडं तोंड करून बसायचे, शांत, गुबगुबीत, गळ्याची कातडी हलवत. स्वच्छ असलेले आपले कडेकडेनं धडपडायचे, रोडावलेले, घाबरट.

बाईंना आनंद झाला, पण शिकलेल्या माणसाचा आनंद लगेच कारण मागायला लागतो.

"उजेड असेल," त्या म्हणाल्या. खिडक्यांना पुठ्ठे लावले. भेक कपाटाकडंच.

"ओल असेल. त्या भिंतीत पाइप आहे का?" पाइप नव्हता. तरी टब खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. भेक वळले, कपाटाकडं.

"मग जमिनीतलं चुंबक," बाई म्हणाल्या. "पक्ष्यांना कळतं, तसं काहीतरी. आणि उलटं आहे बघा मामा. जंत असलेला प्राणी खंगायला हवा. इथं जंतवाले मजेत आहेत, आणि ज्यांच्यात नाहीत ते उपाशी."

"घरात भाडेकरू असला की घराला सोबत असते," मामा म्हणाला.

बाई हसल्या आणि ते वहीत लिहून घेतलं. मामाला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी त्यानं झाडूवालीला नुसतंच बघून सोडलं.

संध्याकाळी आवरताना त्यानं बशी उचलली. मीठपाण्यात नऊ जंत होते. नऊच्या नऊ एका बाजूला टोक करून पडले होते, कपाटाकडं. त्यानं बशी अर्धी फिरवली. थांबला. जंत हळूहळू वळले. पुन्हा फिरवली. पुन्हा वळले.

ते भेकाच्या आत नव्हते आता. भेक बरणीत मेलेला होता.

मामानं बशी झाकली. बाईंना उद्या सांगू म्हणाला, आणि सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं कारण त्याला पुढं बरेच दिवस सापडलं नाही.

४

घरी कॅलेंडरवर मामी दिवस मोजत होती. लेकीला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाळ यायचं होतं. तीस तारखेला मामा सुटणार, एक तारखेच्या बसची तिकिटं काढलेली, कॉलेजनं दिलेली ओलसर खोली सोडायची आणि लेकीकडंच राहायला जायचं, कायमचं. हे ठरवलं होतं मामानंच. या खोलीला त्यानं एकतीस वर्षं शिव्या दिल्या होत्या.

"बाळाला घेऊन बसायचं, एवढंच काम," मामी म्हणायची. "आणि त्याच्यासमोर ओरडायचं नाही."

"ओरडायला मी काय वेडा आहे?"

"हे बघा, ओरडलातच."

त्याच आठवड्यात ते झालं. मामा बशीतून जंत उचलत होता, श्वास ओढला, आणि जिभेवर खारट पाणी आलं. कापसाचा बोळा नळीत नव्हता. सकाळी नळी धुताना त्यानं जुना काढला आणि नवा घालायचा राहिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. सवयीच्या माणसाकडून चूक होते ती अशीच होते, हात आपला चालत राहतो आणि डोकं कुणाशी तरी भांडत असतं.

तो थुंकला, चूळ भरली, दहादा भरली. नळी बघितली. जंत नळीत नव्हता. बशीत बघितलं. बशीत आठ होते. मघाशी नऊ होते का आठच होते, हे त्याला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

घरी आला तेव्हा मामीचा पाण्याचा पेला अर्धा भरलेला होता. त्यानं तोच तोंडाला लावला, दोन घोट घेतले. उरलेलं मामी प्यायली. चाळीस वर्षांच्या संसारात कुणाचा पेला कुठला हे कोण बघतं?

५

चार दिवसांनी कुलूप पहिल्या फेऱ्यात उघडलं. मामा दारात उभा राहिला, किल्लीकडं बघत, आणि त्याला वाटलं, बिचारं जुनं झालंय.

झाडूवाली केर घेऊन उभीच होती, शिव्या झेलायच्या तयारीत. "राहू दे," मामा म्हणाला. "मी उचलतो." ती बाई दिवसभर सगळ्यांना विचारत होती, मामाच्या घरी कुणी गेलं का?

छान चाललं होतं. भूक लागायची, झोप लागायची. गुडघा दुखायचा थांबला. छातीत थोडं भरल्यासारखं, पण वाईट नाही. थंडीत गोधडी ओढल्यावर वाटतं तसं, फक्त आतून. मधूनच बारीक खोकला यायचा आणि खोकल्यानंतर उगाच हसू यायचं.

"तुम्हाला बरं नाहीये का?" मामीनं विचारलं.

"मस्त आहे."

"तेच म्हणते. भाजीत मीठ नव्हतं, आणि तुम्ही मुकाट्यानं खाल्लीत."

"नव्हतं का?"

मामीनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. मग हसली आणि भाजी चिरायला बसली. पूर्वी ती दाराकडं तोंड करून बसायची, येणाजाणारा दिसावा म्हणून. आता कॅलेंडरच्या भिंतीकडं तोंड करून बसली होती. मामानं बघितलं आणि त्याला तिची दया आली. लेकीच्या ओढीनं बाई तारखांवरची नजर काढत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे जंत माणसाला लागतात का हो?"

"छे. बेडकाचा जंत बेडकालाच. दुसऱ्या घरात तो जगत नाही. का हो?"

"काही नाही. बायको विचारत होती."

इतकी शिकलेली बाई सांगते म्हटल्यावर चौथी नापासानं शंका का काढावी? मामानं शंका काढली नाही. ती आपली आपण येऊन बसली.

६

मग प्रयोगशाळेला रंग लावायला माणसं आली. बाई म्हणाल्या, दोन दिवस भेक घरी ठेवा, रंगाच्या वासानं मरतील.

"स्वयंपाकघरात बेडूक," मामी म्हणाली. "चुलीवरच ठेवा ना, म्हणजे एक काम होईल." पण बोलण्यात दम नव्हता. तिनंच टबासाठी जागा करून दिली.

मामा मनात खूश होता. इथं कपाट नव्हतं. आता भेक वाटेल तिकडं बघत बसतील, आणि बाईंचं चुंबक, स्वतःची शंका, दोन्ही निकालात. त्यानं टब ठेवला, पोतं काढलं, भाकरीचा तुकडा मोडला, चावला, गिळला. तोवर जंतवाले सगळे वळून बसले होते. कॅलेंडरकडं.

मामा चौथी शिकला होता, पण दोन रेघा कुठं मिळतात हे बघायला पाचवी लागत नाही. तो बाहेर आला. कॅलेंडरच्या भिंतीला पाठ लावून सरळ बघितलं. बोळ, बाग, पंपघर, टाकी. मग प्रयोगशाळेच्या मागं गेला, कपाटाचा कोपरा ज्या भिंतीला लागून होता तिथं. पाठ लावली, बघितलं. टाकी. बरोबर मधोमध.

परत आला आणि खुर्चीत बसून विचार करायला लागला. साप साप म्हणून भुई धोपटायची सवय त्याला नव्हती. भेक टाकीजवळचे. जनावराला आपलं घर कळतं. कबुतराला कळतं, कुत्र्याला कळतं, मांजर पोत्यात घालून सोडलं तरी परत येतं. एवढंच असणार.

"अहो," मामी दारातून म्हणाली. "किती वेळ झाला, ताट वाढलंय. भिंतीत काय बघताय?"

मामानं मान वळवली. दार त्याच्या पाठीमागं होतं. खुर्ची रोज दाराकडं तोंड करून असायची. ती कधी फिरवली, कुणी फिरवली, हे त्याला आठवेना. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मान वळवून बायकोकडं बघताना छातीत काहीतरी नाराज झालं. पुन्हा भिंतीकडं वळल्यावर निवलं.

७

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो टाकीवर गेला. बादली नव्हती हातात.

ऊन डोक्यावर होतं. भेक उन्हात बाहेर येत नाही, हे मामाला स्वतःच्या नावासारखं माहीत. ते बाहेर होते. टाकीच्या कठड्यावर, पायऱ्यांवर, गवतात, मुंडकी एका बाजूला, पाण्याकडं. पन्नास, शंभर, कोण मोजणार. त्याच्या चपलेपाशी होता तोही हलला नाही.

पंपवाला स्टुलावर नव्हता. तो तिसऱ्या पायरीवर बसला होता, पाण्याजवळ.

"आलात," तो म्हणाला. "बसा की."

"कशाला बसू?"

"कशालाच नाही."

मामाला वाटलं, आता चिडावं. त्यानं चिडायचा प्रयत्न केला. आतून राग ओढला, जसा नळीतून पाणी ओढतो तसा. थोडासा आला आणि परत गेला. तो वरच्या पायरीवर बसला.

पंप बंद होता. वारा नव्हता. पाणी शेवाळी, जाड, वर धुळीची साय. फार शांत. तिथं बसल्यावर एकतीस वर्षांत लाभली नव्हती अशी शांतता लाभली. आईच्या कुशीत दुपारी झोपवल्यावर बाहेरचे आवाज येतात ना, लांबून, आपल्याला काही देणंघेणं नसल्यासारखे, तसं.

मग त्याचं लक्ष भेकांच्या गळ्याकडं गेलं. गळ्याची कातडी फुगायची, बसायची. सगळ्यांची एकदम. एकही पुढंमागं नाही. फुगली. बसली.

आणि पंपवाल्याच्या पायापाशी, चौथ्या पायरीवर, पाण्याची कड होती. पाणी पायरीच्या कडेला होतं. मग बोटभर वर आलं, वीट भिजली. मग बोटभर खाली गेलं. लाट नव्हती, तरंग नव्हता. अख्खी टाकी वर आली आणि खाली गेली. फुगली. बसली.

मामानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मोजायची गरज नव्हती. तरी तीन वेळा मोजलं.

धुळीच्या सायीखाली, मधोमध, काहीतरी फिकट होतं, की नुसता आभाळाचा उजेड होता. ते लांबीला फार होतं. ते सावकाश वळलं, बशीत जंत वळतो तसं, आणि टोक त्याच्याकडं करून थांबलं.

मामा उठला. उठायला त्याला जेवढी ताकद लागली तेवढी कधी लोखंडी कपाट हलवायला लागली नव्हती. बाहेर येताना त्याच्या मनात एकच गोष्ट आली. भेकाच्या फुप्फुसातला जंत किती सुखात असतो. ऊब, ओल, खायला रक्त. त्याला कुठं माहीत असतं, आपण कुणाच्या छातीत आहोत.

८

बाई म्हणते, बेडकाचा जंत बेडकालाच. खरं असेल. टाकीला खालून झरा असेल, म्हणून पाणी वरखाली होत असेल. खुर्ची मामीनं झाडताना फिरवली असेल. एकेक गोष्ट धरली तर मामाकडं उत्तर होतं. पण नऊ वर्षांनी येणाऱ्या बाळावर कुणी प्रयोग करून बघत नाही.

"मी येत नाही," तो म्हणाला. "तू जा."

मामी पिशव्या बांधत होती. थांबली. "का?"

"बाईंचं काम राहिलंय. महिनाभर थांबा म्हणाल्या."

"आणि तुम्ही थांबणार? आयुष्यभर त्या नोकरीच्या नावानं बोटं मोडलीत, आता सुटलात तर थांबणार? लेक काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे."

"राहणार कुठं? ही खोली तर सोडायचीय."

"पंपवाल्याकडं एक खोली आहे."

"ज्याचं तोंड बघवत नव्हतं त्याच्याकडं?" मामीचे डोळे भरले. "खरं सांगा. काही लपवताय का माझ्यापासून?"

मऊ राहून ही बाई ऐकणार नाही, हे मामाला कळलं. त्यानं उरलासुरला सगळा राग गोळा केला, खरवडून काढला, आणि पिशवीला लाथ मारली. "एकदा सांगितलं ना नाही म्हणून," तो ओरडला. "लेकीच्या दारात जाऊन फुकटचं खात बसू? मला नाही जमायचं. जा तू."

मामी त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखं दिसलं. "बरं झालं बाई ओरडलात," ती म्हणाली. "मला वाटत होतं, माझा माणूस कुणी बदलून नेला की काय."

एक तारखेला सकाळी बस कॉलेजच्या फाटकासमोर थांबली. मामा फाटकाच्या डाव्या खांबापाशी उभा राहिला, जरा लांबच. मामी खिडकीत बसली. तिला बारीक खोकला येत होता, धुळीनं. बस हलली तशी तिनं मान मागं वळवली, आणि वळणापर्यंत बघतच राहिली. एवढं बोलून वर ही बाई आपल्याला नजरेआड होऊ देत नाही, म्हणून मामाला फार बरं वाटलं.

ते त्यानं केलेलं एकमेव मोठं काम होतं, आणि ते त्यानं केलं होतं.

९

पंपघरातली खोली चांगली होती. कोरडी नव्हती, पण ओलीला आता त्याची हरकत नव्हती. बाई मधून यायच्या. त्यांचं काम छापून यायचं होतं, त्यात मामाचंही नाव घालणार होत्या. "तब्येत चांगली दिसते मामा," त्या म्हणायच्या. पंपवाला आणि तो फारसं बोलायचे नाहीत. एकानं स्टुलावर बसायचं, एकानं पायरीवर. पाळी ठरवलेली नव्हती, तरी चुकत नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी मामीचा फोन आला. आवाजात नुसतं हसू.

"मुलगी झाली हो. सहा दिवसांची झाली आज. दवाखान्यातून तिसऱ्याच दिवशी घरी आणली, त्या गडबडीत फोनला उशीर. लेक बरी आहे. तुमच्यावर रागावली होती, आता नाही."

"बाळ कसं आहे?"

"काय सांगू. रडतच नाही. दवाखान्यातली नर्स म्हणाली, असं गुणाचं बाळ आम्ही बघितलं नाही. जन्मल्यापासून माझ्याजवळच असते. मीच घेते, मीच निजवते, आंघोळीचं पाणीही मीच फुंकून बघते. तुमच्यासारखी चिडकी नाही निघाली, नशीब."

मामा हसला. समोर पाणी बोटभर वर आलं.

"एकच आहे," मामी म्हणाली. "मान एकाच बाजूला करून झोपते. लेक म्हणते, डोकं चपटं होईल. उशी लावली. पाळणा उलटा फिरवला. तरी वळते, त्याच भिंतीकडं. एवढंसं बाळ, मान धरता येत नाही अजून, पण वळते."

पाणी खाली गेलं.

"कुठल्या भिंतीकडं?" मामानं विचारलं.

"मागच्या. पलीकडं काही नाही, मोकळं रान आहे. जावई गमतीनं म्हणतो, आजोबांच्या गावाकडं बघते ती." मामी बारीकशी खोकली, आणि खोकल्यानंतर हसली. "मला पण तिथंच बसायला बरं वाटतं, खरं सांगू? तिला मांडीवर घेऊन. दुपारभर. काही करावंसंच वाटत नाही."

मामाच्या डोळ्यांसमोर बस आली. तो डाव्या खांबापाशी उभा होता. टाकी उजवीकडं होती, झाडांच्या मागं. मामीनं मान वळवली होती ती उजवीकडं.

आता राग यायला हवा. हे त्याला स्पष्ट कळलं. आता असा राग यायला हवा की फोन टाकीत भिरकावून द्यावा, मिळेल ती बस धरावी, बाईंना हाताला धरून न्यावं, पोरीला कुठल्या तरी डॉक्टरकडं, कुठल्याही, पालथी घालून दाखवावं. आयुष्यभर कुलपावर, केरावर, मिठावर वाया घालवलेला राग. त्यातला एक दिवसाचा पुरला असता.

"ऐकताय ना?" मामी म्हणाली.

"ऐकतोय," मामा म्हणाला. "छान झालं."

फोन त्यानं खिशात ठेवला. पंपवाला जरा सरकला आणि त्याला खालच्या पायरीवर जागा करून दिली. मामा तिथं जाऊन बसला, पाण्यात पाय सोडून, हात मांडीवर ठेवून, आणि रागाची वाट बघायला लागला.

ऊन चांगलं होतं. पाणी कोमट होतं.